सुटकेनंतरचा पत्ता

४ मार्च

चिरंजीवास,

आशीर्वाद शेवटी. आधी वस्तुस्थिती, आणि ती क्रमाने.

एक. तू लिफ्ट तपासनीस होतास. एका सहामजली इमारतीच्या लिफ्टला, तिच्या माथ्यावरच्या यंत्रखोलीत पाऊलही न ठेवता, कचेरीत बसून ‘सुस्थितीत’ असल्याचा दाखला दिलास.

दोन. ती लिफ्ट कोसळली. आत पार्सल पोचवणारा एक तरुण होता. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तीन. न्यायालयात तू गुन्हा कबूल केलास. तुझ्या वकिलाला ते आवडले नाही, मला आवडले. पाच वर्षांची शिक्षा झाली.

चार. तुझ्या वडिलांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, तू नोकरीसाठी परदेशी गेल्याचे सगळ्या नातेवाइकांना सांगितले. त्या सगळ्यांत मीही आले. दादा जन्मात कधी खोटे बोललेला नसल्यामुळे मी विश्वास ठेवला, आणि जन्मात कधी खोटे न बोलल्यामुळेच त्याला ते नीट जमले नाही. गेल्या महिन्यात एकाच जेवणात त्याने तुला दोन वेगवेगळ्या देशांत ठेवले. मी विचारले. वहिनी रडली. सगळे कळले.

पाच. निम्मी शिक्षा भोगलेल्या आणि वर्तणूक चांगली असलेल्या कैद्यांच्या मुदतपूर्व सुटकेचा विचार करणारी समिती ऑगस्टमध्ये बसते. तोवर तुझी निम्मी शिक्षा पूर्ण होते. वर्तणुकीबद्दल तक्रार नाही.

सहा. अर्जदाराने सुटकेनंतर राहण्याचा पत्ता द्यावा लागतो आणि त्या घराच्या मालकाने संमती द्यावी लागते. पत्ता नसेल तर अर्ज समितीपुढे जातच नाही आणि उरलेली वर्षे आतच काढावी लागतात. तुमच्या पुनर्वसन अधिकाऱ्यांशी मी फोनवर बोलले. सभ्य गृहस्थ आहेत, वाक्य पूर्ण करतात. त्यांच्याकडून कळले की या प्रश्नाला तू ‘पत्ता नाही’ असे उत्तर दिले आहेस.

वस्तुस्थिती संपली. आता माझे मत. ज्याचे आईवडील हयात आहेत, ज्यांच्या घरी तुझी खोली अजून तुझ्याच नावाने ओळखली जाते, त्याने ‘पत्ता नाही’ म्हणणे हा एक तर आळस आहे किंवा नाटक. आळस एकदा करून पाहिलास, त्याचे फळ समोर आहे. नाटक आपल्या घराण्यात कोणाला जमत नाही.

मी दर पंधरवड्याला लिहीन. तू उत्तर द्यावेस. पत्ता मी मिळवून देते.

आशीर्वाद.

आत्या

१९ मार्च

आत्या,

नमस्कार आधीच करून ठेवतो. आम्हाला एकच कागद मिळतो आणि शेवटी जागा उरेलच असं नाही.

तुझं पाकीट बघून टपाल वाटणाऱ्या शिपायानं विचारलं, “कोर्टाकडून आलंय का रे?” म्हटलं, “नाही, आत्याकडून.” त्यानं अक्षर पुन्हा एकदा बघितलं आणि म्हणाला, “एकूण एकच.”

इथली एक रीत तुला सांगायला हवी. आमच्या बराकीत आम्ही चौदा जण, पत्रं येतात ती चौघापाचांनाच. बाकीच्यांना लिहिणारं कुणी नाही, किंवा आहे पण लिहीत नाही. म्हणून रविवारी दुपारी वाटणी असते. ज्याला पत्र आलं असेल त्यानं त्यातला एक परिच्छेद मोठ्यानं वाचायचा. कुठला वाचायचा ते त्याचं त्यानं ठरवायचं. उरलेलं पत्र त्याचं एकट्याचं. जो वाटणी देत नाही त्याच्याशी आठवडाभर कुणी बोलत नाही. मी आजवर नुसता ऐकणारा होतो. कुणाच्या बहिणीच्या मुलाला दात आला, कुणाच्या शेजाऱ्यानं भिंत पाडली, असलं दुसऱ्यांचं जग ऐकत दोन वर्षं काढली. परवा पहिल्यांदा माझ्याकडे वाटायला काहीतरी होतं.

मी तुझा मुद्दा चौथा वाचला. बाबांनी मला दोन देशांत ठेवलं तो. शिंपीकाका, आमच्यातले सगळ्यांत वयस्कर, हसता हसता भिंतीला टेकले. शेजारच्या खाटेवर एक ड्रायव्हर असतो. तो म्हणाला, “तुझ्या आत्याला लिही, मला पण एकदा झापा म्हणावं. माझ्याकडे कुणी इतकं लक्ष देऊन रागावलेलंच नाही.”

तर पत्रं लिही. मनापासून सांगतो, लिही.

पत्त्याचं मात्र राहू दे. तो मुलगा एका पायावर उभा आहे. समितीपुढे जाऊन त्याला निम्मा पाय परत मागता येत नाही. मग मी निम्मी शिक्षा कुठल्या तोंडानं परत मागू? बाबांकडे जाऊ नकोस. ही विनंती समज. तुला आज्ञा करायची माझी प्राज्ञा नाही.

१ एप्रिल

चिरंजीवास,

विनंती मिळाली. ती अमान्य आहे.

पायाविषयी तू जे लिहिलेस त्याचा समाचार प्रथम घेते, कारण त्या विषयात अधिकार माझा आहे. मी आयुष्यभर भूलतज्ज्ञ म्हणून काम केले. ज्यांचे हातपाय कापावे लागले अशी कितीतरी माणसे माझ्या हाताखालून शुद्धीवर आली. त्यांना काय हवे असते ते मी ऐकले आहे. आधी त्यांना पाय परत हवा असतो. तो मिळत नाही हे पटले की काम हवे असते, जिन्याला कठडा हवा असतो, आणि दुसऱ्या कोणावर ही पाळी येऊ नये असे वाटत असते. तू आणखी अडीच वर्षे एका खाटेवर बसून राहावेस, ही मागणी मी एकाच्याही तोंडून ऐकलेली नाही. ती तुझी आहे. शिक्षा ठरवणे न्यायाधीशाचे काम होते आणि सूट ठरवणे समितीचे आहे. त्यांनी काय ठरवले असते ते न पाहताच तू निकाल लिहून मोकळा झालास. न पाहता लिहिण्याची तुझी सवय अजून गेलेली दिसत नाही.

हे वाक्य कठोर आहे याची मला जाणीव आहे. ते मी दोनदा खोडले आणि तिसऱ्यांदा ठेवले.

आता दादाकडचा वृत्तान्त. मी न कळवता गेले, कारण कळवले असते तर तो बाहेर गेला असता. तो वर्तमानपत्र वाचत होता. मी म्हटले, “ऑगस्टमध्ये पोराला घर लागणार आहे.”

“त्याला घर होतं.”

“होतं ते आहे तिथंच आहे. मी आत्ता त्यातच बसले आहे.”

“जिन्यात लोक विचारतील.”

“काय विचारतील?”

“परदेशातून इतक्या लवकर कसा आला म्हणून.”

“सांग, तिथली हवा मानवली नाही.”

दाराआडून वहिनी म्हणाली, “मी पण तेच म्हणत होते.” दादाने तिच्याकडे पाहिले. एरवी ती अशा वेळी आत जाते; या वेळी दाराची चौकट धरून उभी राहिली. तेव्हा दादा माझ्यावर घसरला. “तू मला शिकवू नकोस. तुझ्या घरात साधी कपबशी दुसऱ्याला धुवू देत नाहीस, आणि मला घराचं दार उघडायला सांगतेस?” हे विषयांतर होते. तसे मी त्याला स्पष्ट सांगितले आणि निघाले. पुन्हा जाईन. दादा पहिल्या फेरीत कधीच ऐकत नाही. लहानपणी त्याला औषधसुद्धा दोघांनी धरून पाजावे लागे.

तुला तीन पुस्तके पाठवली होती, ती परत आली. पुठ्ठ्याची बांधणी आत चालत नाही, असे कळवले आहे. पुठ्ठ्यात माणूस काय लपवू शकतो ते मला ठाऊक नाही, पण नियम म्हणजे नियम. मी तिन्ही पुस्तकांची बांधणी स्वतः सुरीने सोडवली. पुस्तक सोलण्याचा हा माझा पहिला प्रसंग. शस्त्रवैद्यांबद्दलचा आदर किंचित वाढला. त्यांतले एक नकाशांचे आहे. आपण नक्की कोणत्या देशात आहोत, ते तुला पाहून ठेवता येईल.

आशीर्वाद.

आत्या

१८ एप्रिल

आत्या,

नमस्कार. पुस्तकं पोचली. सोललेली असली तरी जिवंत आहेत. नकाशांच्या पुस्तकाला तर रांग लागते. ड्रायव्हर त्यात न गेलेल्या रस्त्यांनी बोट फिरवत बसतो आणि वळणावर तोंडानं हॉर्न वाजवतो.

रविवारी तुझी आणि बाबांची जुगलबंदी वाचली. “तिथली हवा मानवली नाही” हे आता बराकीत चलनात आलंय. कुणाचा जामीन फेटाळला गेला, कुणाचं पोट बिघडलं, सगळ्याला तेच उत्तर. शिपाईसुद्धा म्हणतो. बाकीचं पत्र मी वाटलं नाही.

दोन निरोप आहेत. शिंपीकाकांच्या नातीची गळ्याच्या गाठीची शस्त्रक्रिया व्हायची आहे. पोर सहा वर्षांची आहे. काकांच्या मुलीनं पत्रात लिहिलंय, भूल देणार आहेत. काकांच्या गावात पूर्वी कुणीतरी भुलीतून उठलंच नव्हतं, तेव्हापासून तो शब्द त्यांच्या डोक्यात बसलाय. ते तोंडानं काही बोलत नाहीत, पण कापड बेतताना परवा त्यांनी बाही उलटी कापली. असं त्यांच्याकडून कधी होत नाही. तू त्यातली आहेस हे कळल्यावर मला म्हणाले, “विचारशील का? नसेल वेळ तर राहू दे.”

दुसरा ड्रायव्हर. त्यानं बायकोला बरीच पत्रं लिहिली, तिचं उत्तर नाही. धाकट्याचा खोकला आणि थोरलीची गणिताची भीती आम्हाला मात्र रोज ऐकवतो. त्यानं आपला मसुदा तुला तपासायला दिलाय, सोबत जोडतो. म्हणतो, बाईंना सांगा, लाल शाई चालेल.

बाबांचं वाचलं. ठीक आहे.

२ मे

चिरंजीवास आणि रविवारी दुपारी ऐकणाऱ्या सर्व सज्जनांस,

प्रथम शिंपीकाका. आपल्या नातीची शस्त्रक्रिया लहान आहे आणि आपली काळजी मोठी आहे; दोन्ही जिथल्या तिथे आहेत. लोकांना वाटते, भूल म्हणजे झोप. ते तसे नाही. झोपलेल्या मुलाजवळ रात्रभर कोणी बसून राहत नाही. भूल दिलेल्या मुलाच्या उशाशी मात्र एक डॉक्टर सबंध वेळ बसलेला असतो आणि त्याला त्या वेळी जगात दुसरे काही काम नसते. त्याचा एक डोळा मुलाच्या श्वासावर, दुसरा नाडीवर. शस्त्रवैद्य आपले काम आटोपून हात धुवायला जातो; भूलतज्ज्ञ जात नाही. मूल डोळे उघडून आपले नाव सांगेपर्यंत, किंवा आईच्या नावाने भोकाड पसरेपर्यंत, तो जागचा हलत नाही. लहान मुले बहुधा दुसरा पर्याय निवडतात. त्या दिवशी आपण तिथे नसाल. पण तिच्या उशाशी कोणी नाही, असे क्षणभरही होणार नाही.

आता ड्रायव्हरसाहेब. आपला मसुदा तपासला. त्यात ‘माफ कर’ पानभर पसरले आहे आणि ‘मुले कशी आहेत’ एकदाही नाही. ज्या बाईला मुलांची शाळा, घराचे भाडे आणि आपली नोकरी एकटीने ओढायची आहे, तिला आपली माफी वाचणे हे आणखी एक काम होते. माफी एकदाच मागा, शेवटी, लहान अक्षरात. वर फक्त प्रश्न विचारा, तेही ज्यांची उत्तरे तिला दोन शब्दांत देता येतील असे. धाकट्याचा खोकला गेला का? थोरली अजून गणिताला घाबरते का? आणि उत्तर आले नाही तरी पुन्हा विचारा. रुसलेल्या माणसाला विचारत राहावे लागते. मी माझ्या भावावर हाच प्रयोग करत आहे.

प्रयोगाची प्रगती अशी. दादाकडे तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत त्याने मला चहा विचारला, पण तुला दार उघडण्याचे नाव काढले नाही. सुटलेल्या लोकांसाठी एका संस्थेचे वसतिगृह आहे. तिथे पुढच्या वर्षापर्यंत जागा नाही. माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांच्या घरात मागे एक खोली पडून आहे. त्यांच्या सुनेला पसंत पडले नाही. मी हार मानलेली नाही. मला त्याची सवय नाही, आणि या वयात नवीन सवयी लागत नाहीत.

सर्वांस आशीर्वाद. नकाशाच्या पुस्तकाच्या पानांचे कोपरे दुमडू नयेत.

आत्या

६ जून

चिरंजीवास,

माझी दोन मे आणि वीस मे अशी दोन पत्रे अनुत्तरित आहेत. अधिकारी म्हणतात, तुझी प्रकृती उत्तम आहे. म्हणजे कारण प्रकृतीचे नाही. वीस तारखेच्या पत्रात मी शिपायांच्या पदोन्नतीविषयी जो विनोद केला होता, तो टपाल तपासणाऱ्या कारकुनाने काळ्या शाईने झाकला असल्यास कळव. मी तो पुन्हा, अधिक सूक्ष्म रीतीने करीन.

अर्ज वीस जुलैपर्यंतच घेतले जातात. तुझ्या मौनाने ती तारीख पुढे सरकत नाही.

आत्या

२० जून

आत्या,

नमस्कार. उशीर झाला, कारण चार कागद फाडले. आम्हाला आठवड्याला एकच मिळतो, तेव्हा हिशोब तुझा तू कर.

आधी चांगलं. शिंपीकाकांची नात बरी आहे. शस्त्रक्रियेच्या दिवशी काका कामावर गेले नाहीत. खाटेवर बसून होते. मधेच म्हणाले, “आता डॉक्टर उशाशी बसला असेल.” थोड्या वेळानं म्हणाले, “अजून बसलेलाच असेल.” तुझा परिच्छेद त्यांना तोंडपाठ झालाय. पोरीनं शुद्धीवर आल्यावर भोकाडच पसरलं म्हणे. ते पत्र त्यांनी वाचलं तेव्हा त्या वाक्यावर अख्ख्या बराकीनं टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरच्या बायकोचं पण उत्तर आलं. चार ओळींचं, आणि त्यात खोकला गेल्याचं. त्यानं एक परिच्छेद न वाचता सगळंच वाचलं. सगळं मिळून एकच परिच्छेद होता.

हे तू केलंस. पुढचं वाचताना हे विसरू नकोस.

तुझ्या पहिल्या पत्रातून वाटणीसाठी परिच्छेद निवडायला मला दोन दिवस लागले होते. बाकी सगळं झोंबलं होतं. कुणाला ऐकवण्यासारखं नव्हतंच ते, माझं होतं. दुसऱ्या पत्रातलं ते न पाहता लिहिण्याचं वाक्य मी कुणाला ऐकवलं नाही, पण रोज वाचलं. मेमधली दोन पत्रं मात्र सगळीच्या सगळी ऐकवण्यासारखी आहेत. पत्र संपतं, लोक खूश होतात, मी कागदाची घडी घालतो, आणि माझ्या एकट्यासाठी त्यात काही उरलेलं नसतं. तू बराकीला लिहायला लागलीस आत्या. छान लिहितेस. पण बराकीला आत्या मिळाली आणि माझी गेली, असं काहीतरी झालं. तिशी उलटलेल्या माणसानं हे लिहावं हे हास्यास्पद आहे. चौथा कागद याच वाक्यापाशी फाडला होता.

पायाचं कारण मी सांगितलं ते खोटं नव्हतं, पण ते पहिलं नव्हतं. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी मी बाबांना लिहून विचारलं होतं, सुटल्यावर घरी येऊ का म्हणून. त्यांचं उत्तर आलं, ‘नको.’ खाली पूर्ण सही. एक नकार पचवला. दुसरा पचेल असं वाटलं नाही, म्हणून कुणी विचारायच्या आत मीच लिहून टाकलं, पत्ता नाही.

तू माझ्यासाठी बाबांचं घर बघितलंस, वसतिगृह बघितलंस, तुझ्या सहकाऱ्यांची मागची खोली बघितलीस. परवा अधिकाऱ्यांनी विचारलं, “एवढी पत्रं लिहिणाऱ्या आत्यांना स्वतःचं घर नाही का?” मी म्हटलं, “आहे ना. पण तिथे पाहुण्यांच्या चपलांनासुद्धा ओळीत उभं राहावं लागतं.” ते हसले. मीही हसलो.

मी मागत नाहीये, आत्या. हे मागणं समजू नकोस. जे दिसलं ते लिहिलं. बघून लिहायचं, एवढं तरी इथे शिकलो.

५ जुलै

चिरंजीवास,

हे पत्र वाटणीसाठी नाही. सज्जनांसाठी दुसऱ्या कागदावर एक परिच्छेद वेगळा जोडला आहे. त्यात शिंपीकाकांच्या नातीचे अभिनंदन आणि ड्रायव्हरसाहेबांना पुढील पाच प्रश्न आहेत. हा कागद तुझा.

तुझे निरीक्षण मी चार दिवस तपासले. त्यात खोट सापडली नाही. मला टाळ्या आवडल्या. ज्या कामात मी आयुष्य घालवले त्यात टाळ्या नसतात. रुग्ण शुद्धीवर आला की शस्त्रवैद्याचे आभार मानतो आणि भूल देणाऱ्याचा चेहरा त्याला आठवतही नाही. तेव्हा चौदा माणसे आपल्या वाक्याची वाट पाहत आहेत हे कळल्यावर मी त्या वाक्यांच्या मागे गेले आणि तुझ्या उशापासून उठले. असे मी नोकरीत एकदाही केले नव्हते. पुन्हा होणार नाही.

घराविषयी. दादाच्या कपबशीच्या बोलण्याला मी विषयांतर म्हटले होते. ते विषयांतर नव्हते. मुद्दा तोच होता. दुसऱ्यांची घरे मी शोधली, कारण त्यांच्याविषयी मला मत देता येत होते. स्वतःच्या घराविषयी मी स्वतःला विचारलेच नाही. विचारले असते तर उत्तर ‘नको’ येईल अशी मला शंका होती, आणि त्या शब्दाखाली सही करण्याची माझी तयारी नव्हती.

आता मी विचारले आहे. पाहणीअंती जे दिसले ते लिहिते.

घर चौथ्या मजल्यावर आहे. मागची खोली मी रिकामी केली. नीट सांगायचे तर दोनदा केली, कारण पहिल्या दिवशी संध्याकाळी मी अर्धी पुस्तके परत नेऊन ठेवली होती. आता ती बैठकीत आहेत, जमिनीवर, आणि तिथे ती भयंकर दिसतात. ती तशीच राहतील. खिडकी पूर्वेकडे आहे. सकाळी ऊन डोळ्यांवर येते. वहिनी स्वतः येऊन पडदे लावून गेली. निघताना तिने दादाला सांगितले होते, “मी पोराच्या खोलीला पडदे लावायला चालले.” दादा काही बोलला नाही. न बोलणे ही त्याच्या बाबतीत प्रगती आहे, पण मी आता त्याच्यासाठी थांबणार नाही.

इमारतीत लिफ्ट आहे. जुनी, जाळीच्या दाराची. ती तुला रोज दिसेल आणि तिचा आवाज खोलीत ऐकू येतो. जिनाही आहे. काय वापरायचे ते तुझे तू ठरव. मी त्यावर बोलणार नाही. काम तुझे तू शोधायचे. मी ओळखी काढणार नाही आणि तू कुठे होतास हे कोणी विचारले तर परदेशात असेही सांगणार नाही. शेजारणीला मी कालच खरे सांगितले. तिने विचारले, “खिळा ठोकता येतो का त्याला? माझ्याकडे दोन फ्रेम पडून आहेत.” येतो, असे मी उत्तर दिले आहे. नसेल येत तर आतमध्ये कोणाकडून तरी शिकून घे.

मी बदलेन असे आश्वासन देत नाही. मी टोचून बोलेन. कपबशी कुठे ठेवली यावरून बोलेन, दिवा चालू राहिला यावरून बोलेन. मी इतकी वर्षे एकटी राहिले आहे. दुसऱ्या माणसाचा खोकला घरात कसा वाटतो तेही मला आठवत नाही. पहिले काही महिने आपण दोघेही वाईट वागू, असा माझा अंदाज आहे. तू गोड वागशील आणि मी शांत राहीन असे लिहून दिले, तर तो यंत्रखोली न बघता दिलेला दाखला होईल. मात्र एक गोष्ट पाहून लिहिते. खोली रिकामी झाल्यापासून मी तिथे रोज जाऊन उभी राहते, आणि ती रिकामी आहे हे मला आवडत नाही.

घरमालक म्हणून माझी संमती मी काल स्वतः जाऊन अधिकाऱ्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पूर्ण वाचली. म्हटले ना, सभ्य गृहस्थ आहेत. मग म्हणाले, “बाई, तुमचं काम झालं. पण पत्ता त्यानं स्वतः लिहून द्यायला लागतो. त्याच्या वतीनं तुम्हाला नाही लिहिता येणार.” मी म्हटले, “ठाऊक आहे. आयुष्यात पहिल्यांदाच मी कोणाच्या वतीने काही करत नाहीये.”

तू मागितलेले नाहीस. ते मी मान्य करते. म्हणून मागणारी मी आहे. माझ्या घरी राहायला येशील का? दुसरा नकार तुझ्या वाट्याला येऊ नये म्हणून विचारण्याचे काम मी माझ्याकडे घेतले आहे. या वेळी नकार आलाच तर तो मला येईल, आणि तो मी वाचीन.

पंधरा जुलैच्या आत तुझ्या हस्ताक्षरात एका शब्दाचे उत्तर हवे, होय किंवा नाही. कारणे नकोत, ती समोरासमोर बसून सांगता येतील. अधिकाऱ्यांकरवी निरोप, वहिनीकडे सांगावा किंवा ‘बघू’ यांपैकी काहीही मी उत्तर म्हणून स्वीकारणार नाही. मला लेखी कळव.

आत्या